वहिनी, अमेरिकेला काय लिहिलंत?

२ एप्रिल १९६७, रविवार. वहिनी, तुमच्या शिलाई मशीनचा खण रिकामा करायला बसले आहे.

मंगळवारी तुमचं तेरावं झालं. त्यानंतर दादा, तुमचे यजमान, आपणहून म्हणाले, "सुशीला, हे मशीन तुझ्या खोलीत ने. ते बंद दिसतं, त्याचा त्रास होतो." मी दुसऱ्याच दिवशी ओढत आणलं. त्याच्यावर तुम्ही शिवलेली खोळ अजून आहे. माझ्या शाळेत मुलींना द्यायला दुधाच्या पावडरची पोती येतात, त्यातल्याच एका पोत्याची. वरून साधं पांढरं कापड. उलटं केलं की आत दोन हात एकमेकांत गुंतलेले, आणि खाली 'अमेरिकेच्या जनतेकडून भेट' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. छाप आतल्या बाजूला का घेतला, असं मी विचारलं होतं. तुम्ही दोरा दातांनी तोडत म्हणालात, "कपडा अच्छा आहे सुशीला. हात मला नको."

खण आवरते आहे, असं दादांना सांगून बसले आहे. खरं म्हणजे झडती घेते आहे. मला एक पाकीट शोधायचं आहे. ते सापडू नये असंही वाटतं, म्हणून आधी हे लिहायला घेतलं.

आपल्यात पहिल्यापासून संशयच होता. मी या घरात १९४४ साली आले. धाकट्याची बायको आधी आली, कारण थोरला शिकत होता. मग थोरल्याला दरबारची शेवटची शिष्यवृत्ती मिळाली, तो कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायला फ्रान्सला गेला, आणि १९५१ मध्ये तुम्हाला घेऊन इंदूरला, मल्हारगंजात उतरला. मी सात वर्षं या घरात भाकऱ्या थापलेल्या. तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण थोरली जाऊ तुम्ही, हळदीकुंकवाला पहिला मान तुमचा. सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने तुमचं नवं नाव काढलं, मंगला. मीच ते ताट धरून उभी होते. तुम्ही अक्षरांकडे बघत होतात आणि मी तुमच्याकडे. मनात म्हटलं, दोन वर्षं. फार तर तीन. मग जाईल परत.

तुम्ही गेला नाहीत. उलट चार वर्षांत तुम्ही गल्लीतल्या भाजीवाल्या कुंजडिणीशी माझ्यापेक्षा चांगली घासाघीस करू लागलात. मराठी सासूबाईंची, हिंदी गल्लीची, आणि राग स्वतःचा. तो राग एकाच देशावर होता.

तुम्ही इंग्रजांवर रागावल्या असतात तरी मला समजलं असतं. पण अमेरिकेचं इंदुरात होतं काय? लग्नात ती काळ्या अमेरिकन सरबताची बाटली पुढे आली की तुम्ही हात आखडता घ्यायचात. "मला शिकंजी सांग. ते औषध त्यांनाच पाजा." गेल्या वर्षी पेपरात आलं की फ्रान्सने अमेरिकेला आपल्या फौजा घेऊन जायला सांगितलं, त्या दिवशी तुम्ही सकाळी सातला जिलबी आणवलीत. दादा हसले. मी विचारलं, "वहिनी, या फौजांनीच तुम्हाला जर्मनांपासून सोडवलं ना?"

"हो."

"मग घालवता का?"

"पाहुणा बावीस वर्षं राहिला, तर त्याला काय म्हणतात?"

"जावई," मी म्हटलं. तुम्ही मला जिलबी दिली नाहीत.

पण गव्हाचं भांडण हसण्यावारी गेलं नाही. पाऊस दोन वर्षं बुडाला होता. रेशनवर लाल अमेरिकन गहू आला, त्याची पोळी रबरासारखी व्हायची. सगळं इंदूर तीच खात होतं. तुम्ही ज्वारीची भाकरी करून वेगळ्या बसलात. घरात दोन पिठं, दोन परातीत. मी एकदा चिडून म्हटलं, "अन्नावर कसला राग काढता?"

"अन्नावर नाही. फुकट में कोई कुछ नहीं देता, सुशीला. आज गहू, उद्या हुकूम."

"हुकूम येईल तेव्हा बघू. आज मला अकरा पोळ्या लाटायच्या आहेत."

"असंच म्हणतात सगळे. आमच्याकडे पण असंच म्हणाले."

"आणि तुमचे लोक पाँडिचेरीत काय सत्यनारायणाला बसले होते?"

त्यावर तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला. पाणी प्यालात आणि म्हणालात, "म्हणूनच मला माहीत आहे. चोराला चोर कळतो." तरी पोळी खाल्ली नाहीत.

तुमचं गाव मला एकदाच सांगितलंत, मशीनवर बसूनच, माझ्या मुलीच्या, नंदाच्या, परकराला नेफा घालताना. समुद्राकाठचं बंदर. त्यावर बाँब पडले ते जर्मनांचे नव्हते, सोडवायला आलेल्यांचे होते. तुम्ही सतरा वर्षांच्या. आई घराखाली गेली. चौथ्या दिवशी अमेरिकन सैनिक आले आणि एकाने तुमच्या हातात बिस्किटांचा हिरवा डबा दिला. तुम्ही पाय हलवत मशीन चालवत होतात, वर बघितलं नाहीत. "मी भिंतीमागे गेले आणि सगळी खाल्ली. लहान भावाला ठेवली नाहीत. आईला अजून पुरलं नव्हतं. आणि सुशीला, ती बिस्किटं फार चांगली होती."

 मला अशा वेळी बोलता येत नाही. नेफा तिरका जातोय, एवढं म्हटलं.

तो हिरवा डबा या खणात आहे. आता माझ्यासमोर आहे. रंग उडालाय. आत बटणं, हुक, दोन तुटक्या सुया. ज्या देशाच्या कापडाची खोळ तुम्ही उलटी शिवली, त्याच देशाचा डबा तेवीस वर्षं, दोन खंड ओलांडून, बटणांसाठी सांभाळलात. याचा अर्थ मला लावता येत नाही, आणि तुम्ही असतात तर लावू दिला नसतात.

आता मूळ गोष्ट लिहिते.

नंदाने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. एका अमेरिकन विद्यापीठात तिने अर्ज केला. त्यांना तीन शिक्षकांची पत्रं हवी होती. दोन कॉलेजातली. तिसरं फ्रेंचचं, कारण तिकडे डॉक्टरेट करायची तर आणखी एक परकी भाषा वाचता यावी लागते. तुम्ही तिला सात वर्षं शिकवलेलं, रोज संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या मोजत. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? फॉर्मवर लिहिलं होतं की शिक्षकाने पत्र पाकिटात बंद करून थेट धाडावं, मुलीच्या हाती देऊ नये. तुम्ही डिसेंबरात फॉर्म घेतलात. जानेवारीत म्हणालात, "पाठवलं."

फेब्रुवारीच्या शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं. दोनच पत्रं पोचली. तिसरं पंचवीस एप्रिलपर्यंत आलं तर अर्जाचा विचार होईल, नाहीतर फाईल बंद.

मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही मशीनवर होतात. मी उभ्याउभ्याच विचारलं.

"अमेरिकनांनी हरवलं असेल," तुम्ही म्हणालात. "मोठा देश आहे. उसमें क्या, एक पाकीट."

"रजिस्टर केलं होतं?"

"नाही."

"का नाही?"

"तू पोलीस आहेस का?"

"पावती दाखवा, वहिनी."

"साध्या टपालाला पावती नसते."

"तेच म्हणतेय. तुम्ही वीस पैशांचा मुरंबा आणला तरी दुकानदाराकडून चिठ्ठी घेता. आणि हे साध्या टपालाने?"

तुम्ही मशीनचं चाक हाताने थांबवलंत. माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्यात मला चोरी दिसली. तुम्हाला अपमान दिसला असेल. तेव्हापासून आपण बोललो नाही. ताटं वाढली, वाट्या सरकवल्या, "दादांना दूध हवंय" एवढं भिंतीला सांगितलं. नंदा दोघींच्या मध्ये मिठाच्या वाटीसारखी फिरायची. तिने तुम्हाला नवा फॉर्म दिला नाही. म्हणाली, "आई, काकूंनी पाठवलंय म्हटलंय ना. मी परत मागितला तर तो तुझा संशय होईल."

मार्चमध्ये तुम्हाला ताप आला आणि उतरेना. दवाखान्यात चार दिवस. दिवसा मी बसायचे. तिसऱ्या दुपारी तुम्ही शुद्धीत होतात. मला विचारायचं होतं. पाणी पाजताना विचारावं, की पाजून झाल्यावर, याचाच हिशेब करत होते. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "सुशीला, मशीनला तेल घाल." मी म्हटलं, "घालते." मला वाटलं ताप बोलतोय. तुम्ही परत म्हणालात, "विसरू नको. तेल." चौथ्या दिवशी सकाळी संपलं.

तेलाची कुपी या खणाच्या अगदी मागे असते, हे मला तेव्हा सुचलं नाही. आज सुचलं. म्हणून खण पूर्ण बाहेर ओढला.

दुपारचे अडीच. आता पुढचं लिहिते.

पाकीट होतं. तेलाच्या कुपीला टेकून, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. विद्यापीठाचा पत्ता तुमच्या अक्षरात. हवाई टपालाची तिकिटं लावलेली, नीट, चारही कोपरे दाबून. शिक्का नाही. म्हणजे तुम्ही पोस्टात गेलात, तिकिटं घेतलीत, चिकटवलीत, आणि पेटीपासून परत आलात.

मला आनंद झाला, हे लिहायला हवं. माझं बरोबर होतं याचा आनंद. अर्धा मिनिट टिकला असेल.

मग मी ते फोडलं. बंद पाकीट, दुसऱ्याच्या नावाचं, आणि मी शाळेत मुलींना सांगते की दुसऱ्याची वही उघडू नये. कात्रीने कापलं, तुमच्याच.

आत फॉर्म, आणि त्याला टाचलेले दोन कागद, सगळं फ्रेंचमध्ये. फॉर्मवर इंग्रजीत स्वच्छ छापलंय की इंग्रजीत लिहावं. तुम्ही अमेरिकेला त्यांच्या भाषेत लिहिणं शक्यच नव्हतं, हे मला आधी कळायला हवं होतं. तारीख जानेवारीची, ज्या दिवशी 'पाठवलं' म्हणालात त्याच दिवसाची. खाली सही, तीही मंगला पागनीस नाही. ओदेत मार्शां. तुमचं माहेरचं नाव, तिकडे शिक्षिका म्हणून मिळालेल्या प्रमाणपत्रावरचं.

मला त्यातलं एक वाक्य कळेना. आणि वाचणारी घरात एकच. नंदाला हाक मारली.

तिला पाकीट दाखवलं तेव्हा ती खाली बसली. रडली नाही, त्या बाबतीत माझी आहे. मी म्हटलं, "वाच. मराठीत सांग. मी लिहून घेते." तिने वाचलं, मी वहीत उतरवलं. मग तिला चहा करायला पाठवलं, आणि आल्यावर म्हटलं, "आता पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा कशाला?"

"वाच."

मला दोन्ही वाचनं जुळवून बघायची होती. मुलगी आहे, काकूवर जीव आहे, कडू तेवढं गाळेल, असा मला संशय. शाळेत चोरी पकडायची हीच रीत आहे, तीच गोष्ट दोनदा विचारायची.

पहिल्या वाचनातलं आधी लिहिते. "महाशय, ही मुलगी माझ्याकडे सात वर्षं शिकली. फ्रेंच उत्तम वाचते. बोलते इंदूरच्या लोकांसारखी, म्हणजे जोरात आणि आत्मविश्वासाने. चुका स्वतः शोधते, हे मी फार थोड्या लोकांत पाहिलं. तुमच्या विमानांनी माझं गाव पाडलं आणि तुमच्या सैनिकांनी मला खायला दिलं. मी दोन्हींपैकी काहीच विसरले नाही, म्हणून हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. एक विनंती आहे. हिला उपकार म्हणून घेऊ नका. ती तुमच्या कामाची आहे, म्हणून घ्या. उपकार घेतलेला माणूस पुढे तुमच्यावर प्रेम करू शकत नाही. हे मी अनुभवाने सांगते आहे, तुमच्या सरकारलाही कळवायला हरकत नाही."

एवढंच. मी वही बघत होते. दुसऱ्या वाचनात 'उपकारा'चा भाग झाल्यावर नंदा थांबली, आणि थेट सहीचं नाव म्हणाली. पण तिची नजर सहीवर गेली नव्हती. ती पानाच्या मधेच होती. तिथे चार ओळी होत्या, आणि चार ओळींचं मराठी माझ्या वहीत नव्हतं.

"ते काय आहे?"

"काही नाही, नमस्कार वगैरे."

"फ्रेंच लोक चार ओळींत नमस्कार करतात?"

"करतात, आई."

"नंदा."

तिने वाचलं. आवाज न बदलता, माझ्याकडे न बघता. "हिची आई तुमच्याकडे काही मागणार नाही. ती कुणाकडेच मागत नाही. मुलीने जावं म्हणून ती सगळ्यांशी भांडते आहे, आणि मुलगी जाईल या भीतीने तिला झोप नाही, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. म्हणून तिच्या वतीने मी मागते. शिकवून झालं की मुलगी परत पाठवा. मी माझ्या वडिलांना दोन वर्षांत येते असं सांगून निघाले होते. सोळा वर्षं झाली. ते आता नाहीत."

वहिनी, तुमचे वडील गेल्याची तार आली होती, त्या दिवशी तुम्ही स्वयंपाक केलात. मला आठवतं. मी मनात म्हटलं होतं, बघा, कोरडी बाई.

आता तुम्ही पाकीट टपालपेटीत का टाकलं नाहीत, हे मला ठरवता येत नाही. अमेरिकेला माणूस द्यायचं नव्हतं म्हणून? नंदा तुमच्याकडूनही जाणार होती, तुम्हाला मूल नव्हतं, म्हणून? की या चार ओळी लिहून झाल्यावर आपण सुशीलाची झाकली मूठ परक्यांपुढे उघडली असं वाटलं? खोटं मात्र तुम्ही बोललात, तेही तोंडावर, आणि शेवटपर्यंत मला खोट्यात पाडलंत. ते मी सोडणार नाही. वर भेटलात तर पहिला प्रश्न तोच.

पण दुसरीही गोष्ट लिहून ठेवते. त्या दिवशी पावती मागताना माझा आवाज चढला, तो तुमच्या चोरीमुळे नव्हता. पत्र हरवलं तर नंदा इथेच राहील, आणि दोष तुमचा असेल, असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं. मला ते सोयीचं वाटलं होतं. तुमच्यात चोर बघायला मी इतकी तयार का होते, ते तुम्हीच पाँडिचेरीच्या वेळी सांगून ठेवलं होतंत.

नंदाने विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "विचार करू." विचार करण्यासारखं काही नव्हतं. दिवस तेवीस आहेत. त्या चार ओळी झाकून पाठवाव्यात, असं नंदाचं म्हणणं. "आई, तिकडचे लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत. पत्र तिचं आहे."

परवा रंगपंचमीला गल्लीतली गेर, रंगाची मिरवणूक, आपल्या दाराशी आली आणि ढोल बंद करून पुढे गेली. आजच्या पेपरात होतं की अमेरिकन फौजा फ्रान्समधून निघाल्या. दोनच ओळी, आतल्या पानावर. मी कापून या डब्यात ठेवल्या. तुम्ही जिलबी आणवली असतीत की नाही, मला आता खात्री वाटत नाही.

सोमवार, रात्र. आज सकाळी मी मशीनला तेल घातलं. मग शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली. शाळेच्या इंग्रजीत एक चिठ्ठी लिहिली: पत्र लिहिणाऱ्या बाई वारल्या, पत्र आमच्या घरात राहून गेलं, पाकीट मी, मुलीच्या आईने, फोडलं, पत्रातला सगळा मजकूर त्यांचाच आहे, तुमच्याकडे फ्रेंच जाणणारं कुणी असेलच, त्यांच्याकडून वाचून घ्या. तुमचं कापलेलं पाकीट तसंच मोठ्या पाकिटात घातलं, तेलाच्या डागासकट. पोस्टात रांग होती. खिडकीवरच्या माणसाने रजिस्ट्रीचा कागद पुढे केला आणि म्हणाला, "भेजने वाले का नाम?"

मी माझं लिहायला घेतलं आणि थांबले. मग तुमच्या सहीकडे बघत एकेक अक्षर उतरवलं, ओदेत मार्शां, आणि खाली आपला पत्ता, मल्हारगंज.

पोचपावती त्या नावाने येईल. घरी येताना पोस्टमन आपल्याच गल्लीत भेटला. त्याला थांबवून नाव दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. "बहनजी, या नावाचं इथे कोणी नाही. हम तो वापस कर देते."

मी म्हटलं, "करू नको. आहे. माझ्याकडे दे."